पुनरुत्थान म्हणजे काय? ख्रिस्ती मैत्रिणींचा ईस्टर समजून घेताना

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

एरवी मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते, बँकेचे कागद, शेळीपालन असल्या विषयांवर बोलते. आज जरा वेगळं बोलणार आहे. माझ्या हातून झालेल्या दोन चुका सांगणार आहे आणि त्यातून जे शिकले तेही सांगणार आहे.

मी नगर जिल्ह्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं. माझ्याकडच्या एका गटात बारा जणी आहेत, त्यातल्या तिघी ख्रिस्ती. त्यातल्या वयानं मोठ्या आहेत त्यांना आम्ही सगळ्या नुसतं मावशी म्हणतो. आठ वर्षं गटाची पेटी त्यांच्याकडे आहे. एका रुपयाचा घोळ नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीत मावशींचा धाकटा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. सव्वीस वर्षांचा होता. आम्ही सगळ्या भेटायला गेलो. घरात माणसं बसलेली, मावशी भिंतीला टेकून गप्प. मला काय बोलावं सुचेना. मग आपल्याकडे म्हणायची रीत आहे तेच म्हणाले, "मावशी, रडू नका. तो तुमच्याच घरात परत येईल. थोरल्याच्या पोटी येईल बघा."

मावशींनी माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "आमच्यात तसं नसतं गं बाई."

रागानं नाही म्हणाल्या. उलट त्याच माझी समजूत काढतायत असं वाटलं. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक एप्रिलमध्ये झाली. गटाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी असते. त्या रविवारी मावशी आल्या नाहीत, बाकीच्या दोघीही आल्या नाहीत. मी वहीत "न कळवता गैरहजर" असं लिहिलं आणि नियमाप्रमाणे वीस-वीस रुपये दंड लावला. पुढच्या बैठकीत तिघींनी मुकाट्यानं भरला. नंतर कळलं की त्या दिवशी ईस्टर होता. मावशी पहाटे चारपासून दफनभूमीत, लेकाच्या कबरीजवळ होत्या.

मला फार लाज वाटली. आठ वर्षं एका सतरंजीवर बसतो, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतो, आणि त्यांचा सगळ्यात मोठा सण कोणता हेसुद्धा मला माहीत नव्हतं. नाताळ एवढाच आपल्याला ठाऊक. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "मावशी, तुमच्यात कसं असतं ते मला सांगा."

त्यांनी सांगितलं. तीन संध्याकाळी लागल्या. घरातलं पवित्र शास्त्र वाचायला दिलं. काही गोष्टी मी त्यांच्या मंडळीतल्या पाळकीणबाईंना विचारल्या. ते सगळं आज तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते.

आधी शब्द बघू

पुनरुत्थान. शब्द जड आहे. पण "महिला उत्थान" हे आपण सरकारी योजनांच्या कागदांवर शंभर वेळा वाचलंय. उत्थान म्हणजे उठणं, उभं राहणं. पुनरुत्थान म्हणजे पुन्हा उठणं. ख्रिस्ती लोकांचा विश्वास असा आहे की येशूला क्रुसावर मारलं, पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी देवानं त्याला मरणातून उठवलं. त्या दिवसाचा सण म्हणजे ईस्टर. नाताळ हा जन्माचा सण, मोठ्या थाटाचा. पण ख्रिस्ती धर्म उभा आहे तो ईस्टरवर. पौल नावाच्या पहिल्या काळातल्या एका प्रचारकानं आपल्या पत्रात सरळच लिहून ठेवलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट.

त्या पहाटे काय झालं

आता मूळ गोष्ट. ती घडली यरुशलेम शहरात, सुमारे इ. स. ३० ते ३३ च्या दरम्यान. देश यहुदी लोकांचा आणि सत्ता रोमी लोकांची. पंतय पिलात हा रोमी सुभेदार होता. त्याच्या हुकुमानं येशूला क्रुसावर खिळलं. क्रूस म्हणजे नुसती फाशी नव्हे. गुलामांना आणि बंडखोरांना चारचौघांत बेइज्जत करून मारायची ती शिक्षा होती.

तो शुक्रवार होता. यहुदी लोकांचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि त्यात काम करायचं नसतं. म्हणून अरिमथाई गावच्या योसेफानं पिलाताकडे जाऊन प्रेत मागून घेतलं, तागाच्या कापडात गुंडाळलं आणि खडकात कोरलेल्या कबरीत ठेवलं. तोंडाला मोठी धोंड लावली. सगळं घाईघाईत.

हे सगळं बायका बघत होत्या. येशूच्या मागून गालील प्रांतातून आलेल्या या बायका. मरीया मग्दालीया, योहान्ना, सुसान्ना अशी त्यांच्यातल्या काहींची नावं आधीच्या हकिकतीत आलेली आहेत. लूक लिहितो की या बायका आपल्या पदरचा पैसा खर्चून येशूचं आणि त्याच्या शिष्यांचं भागवत होत्या. मी हे वाचलं तेव्हा मावशींना म्हटलं, म्हणजे त्या वेळीही पेटी बायकांकडेच होती! मावशी त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

शनिवार त्यांनी कसाबसा काढला. रविवारी उजाडायच्या आत सुगंधी द्रव्यं घेऊन त्या कबरीकडे निघाल्या. घाईत राहून गेलेली शेवटची सेवा करायची होती. आपल्याकडे मयताला न्हाऊ घालतात, नवं वस्त्र घालतात, त्यातलंच समजा. वाटेत त्यांना एकच काळजी होती, ती धोंड कोण सरकवणार? मैत्रिणींनो, हे मला फार खरं वाटलं. दुःख डोंगराएवढं असलं तरी बाईच्या डोक्यात पुढच्या कामाचा विचार चालूच असतो.

गेल्या तर धोंड बाजूला सारलेली आणि आत प्रेत नाही. तिथं त्यांना सांगण्यात आलं की तो इथं नाही, तो उठला आहे, जाऊन सगळ्यांना सांगा.

येशूची हकिकत सांगणारी चार पुस्तकं आहेत. त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. मत्तय, मार्क, लूक आणि योहान. त्या पहाटे किती बायका होत्या, तिथं कोण दिसलं, यात चौघांच्या सांगण्यात थोडा थोडा फरक आहे. मार्क म्हणतो की बायका घाबरून पळाल्या. पण पहिल्यांदा बायका गेल्या आणि मरीया मग्दालीया त्यांच्यात होती, हे चौघंही सांगतात.

त्या काळी न्यायनिवाड्यात बाईची साक्ष सहसा धरत नसत. आणि लूक मोकळेपणानं लिहितो की बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा शिष्यांना ती नुसती बडबड वाटली. मावशींच्या पाळकीणबाई म्हणाल्या, "कुणाला खोटी गोष्टच रचायची असती तर त्यानं साक्षीदार म्हणून बायका घेतल्या नसत्या. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांच्याकडे देवानं पहिला निरोप दिला."

अजून एक सांगते. पौलाच्या पत्रात उठलेल्या येशूला कुणी कुणी पाहिलं त्याची यादी आहे. पेत्र आहे, बारा शिष्य आहेत, पाचशेंहून जास्त भाऊ आहेत. त्या यादीत या बायकांचं नाव नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. पण गोष्टीतून त्यांना कुणी काढू शकलं नाही. दर ईस्टरला जगभरच्या चर्चमध्ये पहिल्यांदा त्यांचीच गोष्ट वाचली जाते.

पुनर्जन्म नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे येते. मावशी "तसं नसतं" म्हणाल्या ते का?

आपल्यात बऱ्याच जणी मानतात की आत्मा एक देह सोडतो आणि दुसरा घेतो. त्या विचारानं कितीतरी जणींना धीर येतो. त्यात कमी-जास्त काही नाही. पण ख्रिस्ती विश्वास वेगळा आहे. त्यांच्या मते माणूस एकदाच जन्मतो आणि एकदाच मरतो. मेलेलं माणूस दुसऱ्याच्या पोटी येत नाही. शेवटी एक दिवस देव मेलेल्यांना उठवील. तीच माणसं, पण मरण नसलेल्या नव्या जीवनात.

म्हणजे नुसता आत्मा कुठंतरी राहतो, असंही नाही. उठलेला येशू शिष्यांना दिसला तेव्हा त्यांना आधी भूतच वाटलं. तेव्हा त्यानं खायला मागितलं आणि त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला. योहानाच्या शुभवर्तमानात तर फार गोड प्रसंग आहे. शिष्य रात्रभर तळ्यात जाळी टाकून रिकाम्या हातानं परत येत असतात. काठावर येशूनं कोळसे पेटवलेले, वर मासा भाजत ठेवलेला, जवळ भाकर. या, न्याहारी करा, असं तो त्यांना म्हणतो. मरणावर विजय मिळवून आलेला देव दमलेल्या माणसांसाठी न्याहारी करतो! देह, भूक, कामानं दुखणारं अंग या गोष्टी देवाला हलक्या वाटत नाहीत, असा अर्थ ख्रिस्ती माणसं यातून घेतात.

मेलेला माणूस जिवंत होऊन पुन्हा जुन्याच आयुष्यात आला, असंही हे नाही. शास्त्रात लाजराची गोष्ट आहे. येशूनं त्याला कबरीतून बाहेर बोलावलं. पण तो याच जगातल्या आयुष्यात परतला, म्हणजे पुढं कधीतरी पुन्हा मेलाच असणार. येशूचं उठणं त्याच्या पलीकडचं आहे. त्यानंतर मरण नाही.

मी मावशींना विचारलं, "पण नातवाच्या रूपानं परत येईल म्हटलं तर बरं नाही का वाटत?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नातू आला तर तो नातू म्हणून लाडका. पण मला माझा तोच पाहिजे गं. त्याच नावाचा. लहानपणी ओट्यावरून पडला होता, डाव्या भुवईवर व्रण होता त्याच्या. तोच."

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

जखमा तशाच होत्या

व्रणावरून आठवलं. येशूच्या थोमा नावाच्या शिष्याची गोष्ट आहे. बाकीच्यांनी सांगितलं की आम्ही प्रभूला पाहिलं, पण थोमाचा विश्वास बसेना. खिळ्यांच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, असं तो म्हणाला. आठ दिवसांनी येशू आला आणि त्यानं स्वतः होऊन आपले हात पुढे केले.

यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे शंका घेणाऱ्याला हाकलून दिलं नाही. हा थोमा पुढं आपल्या भारतात केरळच्या किनाऱ्याला आला, असं तिथले ख्रिस्ती लोक परंपरेनं मानतात. दुसरी गोष्ट म्हणजे नव्या देहातही जुन्या जखमा होत्या. देवानं त्या पुसल्या नाहीत. सोसलेलं वाया गेलं नाही आणि विसरलंही गेलं नाही, पण त्या जखमांतून आता रक्त येत नाही. मावशी म्हणतात, "भुवईवरचा व्रण मी ओळखीन ते यामुळंच."

बी आणि कणीस

हे होणार कसं, असा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला होता. करिंथ नावाच्या ग्रीक शहरातल्या लोकांनी पौलाला तोच प्रश्न केला, की मेलेले उठणार तर कसल्या देहानं? पौलानं इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात उत्तर दिलंय, आणि ते उत्तर शेतातलं आहे.

तो म्हणतो, तुम्ही पेरता तो दाणा असतो, उगवतं ते रोप असतं. आता तुम्हीच बघा. ज्वारीचा दाणा हातात घेऊन कुणाला ताट, पान, कणीस दिसेल का? दाणा मातीत जातो, फुटतो, दाणा म्हणून संपतो. पण येतं ते त्याच दाण्याचं. ज्वारी पेरली तर बाजरी येत नाही. मेलेला देह आणि उठलेला देह यांचं नातं असंच, तोच पण बदललेला.

येशूला पौल पहिलं फळ म्हणतो. यहुदी लोक पिकाची पहिली पेंढी देवाला वाहायचे. आपल्याकडेही नवं धान्य आलं की पहिल्यांदा देवापुढं ठेवतात. एका ताटाला कणीस भरलेलं दिसलं की आपण म्हणतो, आता मागून सगळं रान येणार. येशूचं उठणं म्हणजे ते पहिलं कणीस. बाकीचं पीक मागून यायचं आहे. मावशींच्या भाषेत सांगायचं तर, "माझा लेक पेरलाय. पुरलाय असं मी म्हणत नाही."

म्हणूनच ख्रिस्ती लोकांमध्ये दफनाची चाल आहे. कॅथलिक चर्चनं १९६३ पासून दहनालाही परवानगी दिलेली आहे, कारण देवाला उठवायला हाडं जपून ठेवलेली लागत नाहीत. तरी मातीत ठेवणं, कबरीला चुना देणं, फुलं वाहणं यामागं पेरणीचाच भाव आहे.

मग रडायचं नाही का?

हा प्रश्न मी विचारलाच. कारण गटातल्या काही जणी मावशींच्या माघारी बोलल्या होत्या, की एवढा तरणाताठा मुलगा गेला आणि ही बाई चर्चमध्ये गाणी म्हणते! दुसऱ्या बाजूनं त्यांच्याच मंडळीतल्या कुणी त्यांना सांगितलं होतं की विश्वास आहे ना, मग रडता कशाला? दोन्हींकडून बोलणी.

पुढच्या वर्षी ईस्टरला आम्ही गटातल्या चौघी मावशींबरोबर पहाटे दफनभूमीत गेलो. अंधारच होता. कबरींना नवा चुना, त्यावर झेंडू आणि शेवंती, जिकडंतिकडं मेणबत्त्या. माणसं उगवतीकडं तोंड करून उभी. पेटी, तबला, टाळ होते आणि गाणी चक्क भजनाच्या चालीवर. तांबडं फुटायला लागलं तसे पाळक मोठ्यानं म्हणाले की प्रभू उठला आहे, आणि सगळ्यांनी उत्तर दिलं की तो खरोखर उठला आहे.

मावशी गात होत्या आणि रडतही होत्या. मी हळूच म्हटलं, "मावशी, आज तर आनंदाचा सण ना?"

त्या म्हणाल्या, "मरीयाही कबरीपाशी रडतच होती. पुरुष आले, आत डोकावले आणि घरी गेले. ती रडत थांबली. थांबली म्हणून तिला भेटला."

योहानाच्या शुभवर्तमानात हे असंच आहे. येशू मरीयेच्या समोर उभा राहतो, पण तिला तो माळी वाटतो. तो तिला नावानं हाक मारतो आणि मग ती ओळखते. लाजराच्या कबरीजवळ तर येशू स्वतः रडला होता. म्हणजे रडणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही. पुनरुत्थानाचा विश्वास दुःख नाकारत नाही. मरण खरं आहे, फार वाईट आहे, पण शेवटचा शब्द मरणाचा नाही, एवढंच तो सांगतो.

जगण्यात काय फरक पडतो?

तुम्ही म्हणाल, हे सगळं मेल्यानंतरचं झालं. आज काय? तर आजच्या जगण्यालाही त्याचा अर्थ आहे.

आपल्या नगर-जालना भागातली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं महार-मांग समाजांतून आलेली आहेत. त्यांच्या आज्या-पणज्यांना गावकुसाबाहेर राहावं लागलं, पाण्यासाठी ताटकळावं लागलं. ज्याला मोठ्यांच्या न्यायालयानं गुन्हेगार ठरवलं, गावाबाहेर नेऊन मारलं, त्यालाच देवानं उठवलं, ही बातमी त्यांच्या कानांना कशी लागली असेल याचा विचार करा. माणसांनी दिलेला निकाल देवानं फिरवला, असा तिचा अर्थ होतो.

दुसरी गोष्ट पेत्राची. येशूला पकडलं त्या रात्री या पेत्रानं मी त्याला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं होतं. तळ्याकाठच्या त्या न्याहारीनंतर येशूनं त्याला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रेम आहे ना? आणि पुन्हा जबाबदारी सोपवली. चुकलेल्याला पुन्हा उभं करणं हेही उत्थानच. हप्ता चुकला म्हणून जिला आपण गटातून काढायला निघतो, तिला बोलावून पुन्हा उभं करता येतं का, हा विचार मी तेव्हापासून करायला लागले.

आणि तिसरी गोष्ट कामाची. मावशींच्या घरात पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आईवडील गेले. लग्नानंतर दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला. पदरात लहानगी मनोरमा. पुढं त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. ते भाषांतर कित्येक वर्षं चाललं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंनी भाषांतराचं काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. १९२४ मध्ये ते पूर्ण पुस्तक बाहेर आलं. ते छापलं केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी.

मावशी म्हणतात, "मरण म्हणजे शेवट असं धरलं, तर मी पेटीची किल्ली त्याच दिवशी टाकली असती." पौलाच्या त्या बी-कणसाच्या प्रकरणाचा शेवटही याच विचारानं होतो. इतकं सगळं सांगून तो म्हणतो, म्हणून नेटानं काम करत राहा, तुमचे कष्ट फुकट जाणार नाहीत.

ईस्टर कधी येतो?

नाताळसारखी याची तारीख ठरलेली नाही. आपल्या तिथीसारखा हाही सण चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळं तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही येतो. २०२४ मध्ये ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला, २०२६ मध्ये ५ एप्रिलला. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. ईस्टरच्या आधीचा शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, तो दुःखाचा दिवस आहे. शुभेच्छा रविवारी. आणि ख्रिस्ती लोक दर रविवारी उपासनेला जातात तेही याचमुळं, येशू रविवारी उठला म्हणून. दर रविवार म्हणजे त्यांचा छोटा ईस्टरच.

आमच्या गटानं काय केलं?

आम्ही ठराव केला. वहीत एक पान घातलं आणि बारा जणींचे मोठे सण त्यावर लिहिले. संक्रांत, रमजान ईद, आंबेडकर जयंती, ईस्टर, सगळे. त्या दिवशी बैठक नाही. महिन्याच्या बैठकीची वेळही रविवारी सकाळची बदलून दुपारी चारची केली. तिघींचा दंड परत द्यायला मी पैसे काढले, तर मावशी म्हणाल्या, "राहू दे पेटीत. नियम चुकीचा होता, तो बदलला, बस झालं." पण वहीतली ती "न कळवता गैरहजर" ही ओळ मी त्यांच्यासमोर खोडली आणि त्यावर "ईस्टर" असं लिहिलं.

कुणाच्या घरी दुःखाला जाताना आता मी आधी एवढंच करते की गप्प बसते. आपल्या मनातला दिलासा दुसरीच्या पदरात टाकायची घाई करत नाही. बोलायचंच झालं तर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगते. मावशींना मी विचारलं होतं, त्या दिवशी मी काय बोलायला हवं होतं? त्या म्हणाल्या, "काही नाही. माझ्या पोराचं नाव घ्यायचं होतंस."

मैत्रिणींनो, तुमच्या गटात वेगळ्या धर्माची ताई असेल तर पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं काढा. तिला विचारा, तुमच्यात कसं असतं? आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. पेटीत पैसे साठतात तसं हेही साठत जातं, आणि अडल्या वेळी उपयोगी पडतं.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या वेळी पुन्हा आपलं नेहमीचं, बँकेच्या कागदांचं बोलू. नमस्कार.